डोक्याला मार लागलेला पेशंट कॅज्युअल्टीतून घरी सोडायचा कसा

"सीटी नॉर्मल आलाय ना, मग सोडा की आम्हाला, गाडी थांबलीय बाहेर." सातारा-सांगली पट्ट्यातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत ज्याने रात्रपाळी केलीय त्याने हे ऐकलेलंच असतं. स्ट्रेचर रिकामं नसतं, दारात १०८ उभी असते, पेशंट स्वतः उठून बसून चहा मागत असतो, अशा वेळी सही करून मोकळं व्हावं असं कुणालाही वाटेल. पण डोक्याच्या माराचं असं आहे की पेशंट आपल्यासमोर चांगला दिसतो आणि बिघडला तर घरी जाऊन बिघडतो, रात्री दोनला, जिथे ना मॉनिटर ना सिस्टर, फक्त एक दमलेली बायको नाहीतर आई. म्हणून माझं ठाम मत आहे की डिस्चार्जचा निम्मा निर्णय पेशंटचं डोकं तपासून होतो आणि निम्मा त्याचं घर विचारून होतो, म्हणजे रात्री जवळ कोण असणार, गाव किती लांब, फोनला रेंज आहे का, आणि जो जवळ असणार त्याला नेमकं काय बघायचं ते कळलंय का.

हे नवीन आलेले इंटर्न, मेडिकल ऑफिसर, सिस्टर, ब्रदर यांच्यासाठी लिहितोय. नातेवाइकांनीही वाचा, कारण घरी गेल्यावरचं काम तुमचंच आहे.

मार कसा लागला ते आधी नीट काढून घ्या

आपल्याकडे कोण येतं ते साधारण ठरलेलं आहे. खंबाटकी घाटापासून खाली पेठ नाक्यापर्यंत हायवेवरचे टू-व्हीलरवाले, बहुतेक बिनहेल्मेटचे. गाळप हंगामात अंधारात रस्त्याकडेला उभ्या उसाच्या ट्रॉलीवर मागून जाऊन आदळलेले, कारण ट्रॉलीला ना लाल लाइट ना रिफ्लेक्टर. आंब्यावरून, गच्चीवरून, विहिरीच्या कठड्यावरून पडलेले, बैलानं उडवलेले, भांडणात काठी लागलेले. आणि बाथरूममध्ये पाय घसरलेल्या आज्ज्या, ज्यांचा मार सगळ्यात फसवा असतो.

केस पेपरवर नुसतं "पडला" लिहू नका. किती उंचीवरून, कशावर आपटला, गाडीचा वेग काय, गाडीवरून किती लांब फेकला गेला, हेल्मेट होतं का. बेशुद्ध पडला होता का हे पेशंटला विचारून उपयोग नाही, ज्याने उचलला त्याला विचारा आणि तो माणूस निघून जायच्या आत विचारा, कारण बघ्यातलं कुणीतरी आणून सोडतं आणि पाच मिनिटात गायब होतं. पेशंटला वेगळा प्रश्न विचारायचा, अपघाताच्या आधीचं शेवटचं काय आठवतंय. "पंपावर पेट्रोल टाकलं ते आठवतंय, मग डायरेक्ट इथलंच" असं म्हणाला तर पंपापासून अपघाताच्या जागेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा, अर्ध्या तासाच्या वरचं पुसलं गेलं असेल तर ते महत्त्वाचं आहे. उलट्या किती झाल्या तो आकडा लिहा, फिट आली का तेही लिहा.

रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का हा प्रश्न असाच विचारलात तर निम्मे जण नाही म्हणतात, त्यांना माहितीच नसतं. त्यापेक्षा "हार्टची स्प्रिंग बसवलीय का, व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालंय का, अर्धांगाची गोळी चालू आहे का" असं विचारा आणि घरी फोन लावून गोळ्यांच्या पिशवीचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा. क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन, असिनोकुमारॉल, डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, यातलं काही निघालं तर पुढचा सगळा हिशोब बदलतो.

अजून एक, डोकं आपटलं म्हणून चक्कर आली, की चक्कर आली म्हणून पडला? साठीच्या पुढच्या प्रत्येकाला हे विचारा आणि ईसीजी, शुगर, उभं करून बीपी हे तिन्ही करा. खोक शिवून घरी पाठवलेल्या माणसाला मुळात हार्टचा प्रॉब्लेम असू शकतो आणि तो उद्या परत पडणार.

तपासणी

जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, सगळ्यांना पाठ असतो, ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही शुद्धीची मोजपट्टी, कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १५. तरी केस पेपरवर "कॉन्शस, ओरिएंटेड" एवढंच असतं. तसं नको, ई (डोळे उघडणं), व्ही (बोलणं), एम (हालचाल) वेगवेगळे लिहा आणि शेजारी वेळ लिहा, कारण एका आकड्याला अर्थ नसतो, दोन आकड्यांमधल्या फरकाला असतो. बोलण्याचे पूर्ण ५ मार्क कधी, तर आज वार कुठला, आपण कुठं आहोत, बरोबर कोण आलंय हे नीट सांगता आलं तर. एखादा पोरगा शांत बसलाय, हसतोय, पण दर दोन मिनिटांनी "माझी गाडी कुठंय" हेच विचारतोय, उत्तर दिलं की परत तेच, तर तो कन्फ्यूज्ड आहे, त्याचा जीसीएस १४ आहे आणि तो आज या क्षणी घरी जाणारा पेशंट नाही.

डोळ्यांच्या बाहुल्या टॉर्चने बघा, हातापायाची ताकद बघा, मान बघा, सगळ्यांची. मानेच्या मणक्यावर दाबून दुखतंय का हे न बघता खोक शिवायला घेऊ नका. हळद नाहीतर कॉफी पावडर दाबून आणलेली असेल तर ती धुऊन काढा, केस बाजूला करा आणि ग्लोव्ह घातलेल्या बोटाने जखमेच्या तळाशी हाड चेपलंय का, पायरी लागतीय का ते हळूच चाचपा. कानात बघा, नाकातून पातळ पाणी गळतंय का बघा. दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं होणं किंवा कानामागच्या हाडावर निळसर डाग ही कवटीच्या तळाचं हाड मोडल्याची खूण असते, पण तो डाग उठायला कधीकधी एक-दोन दिवस जातात, त्यामुळे आत्ता दिसत नाही म्हणजे फ्रॅक्चर नाही असं धरू नका.

ग्लुकोमीटर प्रत्येकाला लावा. आणि तोंडाला वास येतोय म्हणून "पिऊन पडलाय, सकाळपर्यंत उतरेल" असं कधीही म्हणू नका. पिलेल्या माणसाचा जीसीएस कमी असेल तर तो डोक्याच्या माराने कमी आहे असंच धरून चालायचं, जोवर सीटी वेगळं सांगत नाही तोवर.

सीटी कुणाचा

इथं अंदाजाने जायची गरज नाही, नियम आहेत. ब्रिटनच्या नाइस संस्थेची मे २०२३ ची गाइडलाइन आणि २००१ चा कॅनेडियन सीटी हेड रूल, दोन्हींचा सूर बराचसा एक आहे. मोठ्या माणसाचा एका तासाच्या आत सीटी कधी, तर आल्या आल्या जीसीएस १२ किंवा त्याखाली, मार लागून दोन तास झाले तरी १५ नाही, हाड चेपल्याचा किंवा उघडं पडल्याचा संशय, कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरची कुठलीही खूण, मार लागल्यावर फिट, हातापायात कमजोरी किंवा तसलं काही, एकापेक्षा जास्त वेळा उलटी. यातलं एक जरी असलं तरी.

बेशुद्ध पडला होता किंवा आठवत नाहीये, आणि त्यासोबत वय ६५ किंवा पुढे, रक्त न गोठण्याचा आजार, चालणाऱ्याला किंवा सायकलवाल्याला गाडीने उडवलंय, गाडीतून बाहेर फेकला गेलाय, एक मीटरच्या वरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडलाय, नाहीतर अर्ध्या तासाच्या वरचं आधीचं आठवत नाही, तर मार लागल्यापासून आठ तासांच्या आत सीटी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर बाकी काही लक्षण नसलं तरी सीटीचा विचार करायचा. नाइस नुसत्या अॅस्पिरिनला यातून वगळतं, पण आपल्याकडे अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकाच कॅप्सूलमध्ये असतं हे विसरू नका, पेशंट "साधी अॅस्पिरिन" म्हणतो आणि स्ट्रिपवर दोन्ही नावं असतात.

जिथं सीटी नाही तिथं, म्हणजे बऱ्याच ग्रामीण रुग्णालयात, यादीतलं काही बसलं की पाठवायचं. सातारा, कराड, सांगली-मिरज, जिथं न्यूरोसर्जन जवळ आणि बेड आहे तिथं आधी फोन लावून मगच गाडी हलवायची, चिठ्ठीवर मार लागल्याची वेळ, पहिला जीसीएस, आत्ताचा जीसीएस आणि बाहुल्या लिहायच्या. मानेला कॉलर, सोबत सिस्टर किंवा डॉक्टर. जीसीएस १२ किंवा खाली असेल आणि मार लागून दोन तासांच्या आत असाल तर नाइस ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडचा विचार करायला सांगतं, गाडी निघायच्या आधी देता येतं.

थांबवून ठेवलेला पेशंट

इथं सगळ्यात जास्त ढिलाई होते. "ऑब्झर्व्हेशनला ठेवलाय" म्हणजे कोपऱ्यातल्या बेडवर झोपवलाय आणि चार तासांनी कुणीतरी हाक मारली, ही ऑब्झर्व्हेशन नव्हे. जीसीएस १५ होईपर्यंत दर अर्ध्या तासाला, १५ झाल्यावर पहिले दोन तास दर अर्ध्या तासाला, मग चार तास दर तासाला, आणि त्यापुढे दर दोन तासाला. जीसीएस, बाहुल्या, हातापायाची ताकद, नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, तापमान. चार्ट पेशंटच्या पायथ्याशी लटकवलेला हवा, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नको. आणि ड्युटी बदलताना जाणारी आणि येणारी सिस्टर दोघींनी मिळून एकदा पेशंट जागा करून बघायचा, म्हणजे रात्रीच्या १४ ला सकाळी कुणी १५ समजणार नाही.

डॉक्टरला ताबडतोब कधी बोलवायचं ते सिस्टरला आधीच सांगून ठेवा. जीसीएस एकने जरी घसरला आणि अर्धा तास तसाच राहिला तर, एमचा मार्क घसरला तर जास्त तातडीने. डोळे उघडणं किंवा बोलणं तीनने, किंवा हालचाल दोनने घसरली तर अर्धा तास वाट न बघता. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या थांबेनात, एक बाहुली मोठी दिसली, पेशंट चिडचिडा किंवा वेगळाच वागायला लागला, तरी.

एवढं कशासाठी, तर कानशिलाजवळचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. ते हाड तडकून धमनी फाटली की कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्या मध्ये रक्त साठायला लागतं. सुरुवातीला पेशंट थोडा वेळ बेशुद्ध, मग शुद्धीत येतो, बोलतो, चहा पितो, स्वतःच्या पायाने लघवीला जाऊन येतो, आणि काही तासांनी एकदम ढासळतो. मधला तो चांगला काळ सगळ्यांना फसवतो. वेळेत ऑपरेशन झालं तर असे पेशंट पूर्ण बरे होऊन कामाला लागतात, म्हणून तर हा आजार चुकवायचा नसतो.

सोडण्याआधी

पेशंट सोडण्यालायक झालाय असं वाटलं की त्याला बेडवरून उठवा आणि चालवा. मी बाहेरच्या नळापर्यंत चालवून आणायला लावतो, सोबत वॉर्डबॉय मामा. झोक जातोय का, भिंत धरतोय का, वळताना थांबतोय का, चप्पल स्वतः घालतोय का. त्याआधी पाणी, बिस्किट, चहा देऊन बघा, अर्ध्या तासात उलटी नाही ना. डोकेदुखी पॅरासिटामॉलने उतरतीय ना. उलटीचं इंजेक्शन एकदा देऊन झालं आणि परत द्यावं लागलं तर तो पेशंट आज राहणार, विषय संपला.

जीसीएस १५ शिवाय सोडायचा नाही, अपवाद फक्त ज्याचं मुळातच कमी असतं त्याचा, उदाहरणार्थ आधीचा लकवा किंवा डिमेन्शिया, तिथं घरच्यांना विचारायचं की नेहमी असाच असतो का. दारू पूर्ण उतरलेली हवी. बाकीचा मार बघून झालेला हवा, पोट, छाती, कंबर, कारण डोक्याच्या खोकीकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि फुटलेली प्लीहा तशीच घरी जाते.

आता घर

डिस्चार्ज कार्ड लिहायच्या आधी हे प्रश्न विचारायचे आणि उत्तरं केस पेपरवर लिहायची. आज रात्री तुमच्याजवळ कोण झोपणार? तो मोठा माणूस आहे का, पिणारा आहे का, रात्रपाळीला जाणारा आहे का? घरी पोचायला किती वेळ, रात्री परत यायला वाहन कुठलं? फोनला रेंज? निदान पहिले २४ तास एक शहाणं, मोठं माणूस सोबत असलंच पाहिजे, नसेल तर सीटी कितीही स्वच्छ असो, पेशंट राहतो.

आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोक्यात ठेवून विचार करा. साताऱ्यात शाहूपुरीला राहणारा आणि तापोळ्याच्या पलीकडं लाँचने जाणारा, दोघांचं डोकं सारखंच असलं तरी निर्णय सारखा नाही. कोयनेच्या आतल्या वाड्या, पाटणच्या डोंगरावरच्या वस्त्या, इथल्या माणसाला रात्री बिघडलं तर सकाळशिवाय हलवता येत नाही. अशांना रात्रभर ठेवा, किंवा गावात पाहुणे असतील तर रात्र तिथं काढायला सांगा, लोक हे आनंदाने ऐकतात, फक्त आपण सुचवावं लागतं.

ऊसतोडणीवाल्यांचं वेगळंच. कोपीत, म्हणजे झोपडीत राहतात, पहाटे तोडीला जायचं असतं, नवरा-बायको दोघं कोयत्यावर, जखमी माणसाजवळ राहणार आठ वर्षांची पोरगी. मुकादमाला फोन लावा आणि स्पष्ट सांगा की दोन दिवस जोडीदाराला सुट्टी हवी, तसं जमत नसेल तर पेशंट ठेवा. मी असे पेशंट सरळ ठेवतो.

जिन्यावरून पडले म्हणणाऱ्या बाईला एकटीला विचारा. नवऱ्याला केस पेपर काढायला किंवा औषधं आणायला पाठवायचं, पडदा ओढायचा आणि सिस्टरने शेजारी बसून हळू आवाजात विचारायचं, "ताई, घरी कुणी हात उचलतं का?" वेगवेगळ्या रंगांचे जुने-नवे वळ, दंडावर बोटांचे ठसे असतील तर नक्कीच. जिथून मार लागला तिथंच परत पाठवणं हा सुरक्षित डिस्चार्ज नव्हे. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. चालता न येणाऱ्या बाळाच्या डोक्याला मार असेल आणि सांगितलेली गोष्ट जुळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञ बघेपर्यंत बाळ सोडायचं नाही.

गोळ्या कमीत कमी

पॅरासिटामॉल, मोठ्या माणसाला ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये निदान सहा तास, दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि रोज पिणारा, लिव्हरचा किंवा अगदी हडकुळा असेल तर त्याहून कमी. मुलांना वजनाला किलोमागे १५ मिलिग्रॅम. बस. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन पहिले दोन दिवस तरी नको. घरात कंबरदुखीची म्हणून एकत्र गोळी पडलेली असते, तिच्यात डायक्लोफेनॅकही असतं आणि पॅरासिटामॉलही, ती घेऊ नका असं नाव घेऊन सांगा. झोपेची गोळी, ट्रॅमाडॉल, गुंगी येणारी सर्दीची गोळी, काही नको, कारण गुंगी औषधाने आलीय की रक्तस्रावाने हे घरी कुणाला कळणार?

फिटचं औषध साध्या माराला सरसकट द्यायचं नसतं. "मेंदूच्या ताकदीची" सिटिकोलिन लिहायची आपल्याकडे फार सवय आहे, पण २०१२ ला आलेल्या कोब्रिट या मोठ्या अमेरिकन ट्रायलमध्ये तिचा डोक्याच्या मारात फायदा दिसला नाही, आणि ती महाग असते, मजुराच्या खिशातून कशाला काढायची. धनुर्वाताचं इंजेक्शन बघा. टाके चेहऱ्याचे साधारण पाच दिवसांनी, डोक्याचे सात ते दहा दिवसांनी, तारीख घालून द्या.

रक्त पातळ व्हायची गोळी थांबवायची की चालू ठेवायची हे कार्डवर स्पष्ट लिहा आणि शक्य असेल तर त्यांच्या हार्टच्या डॉक्टरशी बोलून लिहा. नवी स्प्रिंग असलेल्याने घाबरून स्वतःच गोळी बंद केली तर वेगळंच संकट.

कागद देणं आणि समजावणं

कागद मराठीत, मोठ्या अक्षरात, एका बाजूला. आमचा साधारण असा आहे, हवा तर उचला:

"पेशंटच्या डोक्याला मार लागला आहे. आत्ता धोका दिसत नाही, पण पहिले २४ तास एका मोठ्या माणसाने सोबत राहावे. खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर वाट बघू नका, लगेच दवाखान्यात आणा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. हाक मारून, हलवून नीट जागा होत नाही किंवा सारखी झापड येते. डोकेदुखी गोळी देऊनही वाढत जाते. परत परत उलट्या होतात. फिट येते. हात किंवा पाय लुळा पडतो, तोंड वाकडे होते, चालताना झोक जातो. बोलणे अडखळते किंवा असंबद्ध होते. एकाचे दोन दिसतात. नाकातून किंवा कानातून पाणी अथवा रक्त येते. ओळखीच्या माणसांना ओळखत नाही, वेगळेच वागतो. मान खूप दुखते, हातापायाला मुंग्या येतात."

खाली कॅज्युअल्टीचा चालू नंबर हाताने लिहा. कागद देऊन मोकळं होऊ नका, जो रात्री जागणार आहे त्याला समोर उभं करा. बहुतेक वेळा बोलायला दीर, चुलते, गावचे कार्यकर्ते पुढे असतात आणि खरं सांभाळणारी बाई मागे भिंतीला टेकून उभी असते. तिला पुढं बोलवा.

"वहिनी, रात्री तुम्हीच आहात ना जवळ? मग मला सांगा, काय दिसलं तर आणाल?"

"उलटी झाली तर... आणि झोपेतून उठला नाही तर."

"बरोबर. अजून?"

"झटका आला तर. अन् ते नाकातनं पाणी."

"आणि डोकं दुखणं वाढत गेलं तर. उठवायचं कसं सांगा."

"हाक मारून, नाव विचारून. पोराचं नाव विचारते मी."

एवढं तिच्या तोंडून आलं की काम झालं, दोन मिनिटं लागतात. वाचता येत नसेल तर तिच्याच फोनवर आवाज रेकॉर्ड करून द्या. जतकडच्या पेशंटला कन्नड बोलणारी सिस्टर किंवा मावशी शोधा.

झोपेबद्दल हमखास विचारतात, कारण गावात सगळे सांगतात झोपू देऊ नका. झोपू द्या, मेंदूला ती विश्रांती हवीच असते. पहिल्या रात्री दोन-तीन तासांनी एकदा उठवून नाव-गाव विचारायचं, नीट उत्तर आलं की परत झोपू द्यायचं. ज्याचा सीटी झालेला नाही त्याच्या बाबतीत तर हे नक्की करा.

लहान मुलं

मुलांमध्ये उठसूट सीटी नको, रेडिएशन असतं. पाच मिनिटांपेक्षा जास्त बेशुद्ध, नेहमीपेक्षा जास्त गुंगीत, तीन किंवा जास्त वेगवेगळ्या उलट्या, तीन मीटरच्या वरून पडणं किंवा जोराचा अपघात, पाच मिनिटांच्या वरचं न आठवणं, यातल्या एकापेक्षा जास्त गोष्टी असतील तर सीटी, एकच असेल तर निदान चार तास डोळ्यासमोर ठेवायचं. वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्यावर पाच सेंटिमीटरपेक्षा मोठं टेंगूळ किंवा खोक, फुगलेली टाळू, फिट, जीसीएस कमी, हे सरळ सीटीचे. आई म्हणाली "हा असा नसतो एरवी" तर ऐका, आईचं ते वाक्य मी लक्षण म्हणूनच लिहितो.

डामा आणि एमएलसी

नातेवाईक ऐकतच नसतील आणि सही करून नेतो (डामा, म्हणजे डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) म्हणत असतील तर आधी कारण शोधा, बहुतेक वेळा कारण पैसे असतं. महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला बोलवा. वाहन अपघात असेल तर केंद्राची कॅशलेस योजना मे २०२५ पासून लागू आहे, अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत, ते सांगा. जीसीएस १४ चा पेशंट स्वतः "मला जायचंय" म्हणत असेल तर त्याची सही ग्राह्य धरू नका, तो निर्णय घ्यायच्या अवस्थेत नाही. शेवटी नेलाच तर रागाने हात झटकू नका, तोच कागद, तीच समजावणी, तीच गोळी द्या आणि "कधीही परत या, कुणी काही बोलणार नाही" हे मुद्दाम म्हणा. सहीवरून बोलाचाली झालेले लोक बिघडल्यावर परत यायला लाजतात आणि त्यात तास जातात.

अपघात, मारामारी, संशय असलेलं पडणं, सगळं एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस. उपचार आधी, पोलीस नंतर, पण सोडायच्या आत कळवलेलं हवं, कळवल्याची वेळ आणि ज्याने घेतलं त्याचं नाव, बक्कल नंबर रजिस्टरला. सोडतानाचा जीसीएस, बाहुल्या, वेळ, सोबतच्या माणसाचं नाव, नातं, मोबाइल आणि "सूचना दिल्या, त्यांनी परत सांगितल्या" ही ओळ केस पेपरवर हवीच. आणून सोडणाऱ्या माणसाला अडवून ठेवू नका, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच त्याला संरक्षण आहे, नाव सांगायचं की नाही ही त्याची मर्जी.

पुढचे दिवस आणि आठवडे

एक-दोन दिवस आराम, मग हळूहळू रोजचं काम. थोडं डोकं दुखणं, लक्ष न लागणं, चिडचिड, झोप बिघडणं हे काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे चालतं आणि बहुतेकांचं आपोआप जातं, हे आधीच सांगितलं की लोक घाबरत नाहीत. मोबाइल कमी. दारू नको. पूर्ण बरं वाटेपर्यंत गाडी, ट्रॅक्टर, झाडावर किंवा द्राक्षाच्या मांडवावर चढणं नको. तालमीतल्या आणि कबड्डीच्या पोरांना नीट बजावा, सगळी लक्षणं जाऊन डॉक्टरने बघितल्याशिवाय मातीत उतरायचं नाही, पहिला मार भरलेला नसताना दुसरा बसला तर तो फार महाग पडतो. यात्रेचं मैदान जवळ आलं की वस्ताद घाई करतात, म्हणून वस्तादांनाच बोलवून सांगा.

म्हाताऱ्या माणसांचं २४ तासांवर संपत नाही. त्यांच्यात रक्त हळूहळू साठतं आणि दोन-तीन आठवड्यांनी, कधी महिना-दोन महिन्यांनी दिसायला लागतं. आजोबांच्या एका पायातली चप्पल सारखी निसटते, घास हातातून पडतो, दिवसभर झोपून असतात, नातवाचं नाव चुकतं, आणि घरचे म्हणतात वय झालं. पडल्याचं तोवर सगळे विसरलेले असतात. असं दिसलं तर परत सीटी, कारण छोट्या ऑपरेशनने हे रक्त काढता येतं आणि माणूस परत चालायला लागतो. साठीच्या पुढच्या प्रत्येक पेशंटच्या कार्डवर मी ही ओळ वेगळी लिहितो आणि सुनेला वाचून दाखवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा. त्यासाठी एक साधी वही ठेवा, नाव, गाव, सोबतच्याचा नंबर, सोडल्याची वेळ. सकाळच्या पाळीतली सिस्टर नऊ-दहाच्या दरम्यान फोन लावते, रात्री किती वेळा उठवलं, उलटी झाली का, नाश्ता केला का, डोकं कालपेक्षा कमी की जास्त, आणि जमलं तर पेशंटशीच दोन वाक्यं बोलते, बोलणं स्वच्छ आहे का ते कानानेच कळतं. फोन लागला नाही तर त्या गावच्या उपकेंद्रावर किंवा आशाताईला फोन करून घरी एक फेरी मारायला सांगायची, आणि तिने काय बघितलं तेही त्याच वहीत लिहायचं.